केक नको, ठरलेला वार हवा

संपादक महोदय,
बौद्धिक दिव्यांग मुलांच्या निवासी शाळेत वाढदिवसाचा केक घेऊन जाणारे पुष्कळ; ठरल्या वारी, ठरल्या वेळी सहा महिने जाणारे विरळाच. माणसे सारखी बदलली की या मुलांचे जेवणखाण, झोप बिघडते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणे) असलेल्या मुलाला भरवताना ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली, घास अर्धा चमचाच. गिळल्याशिवाय पुढचा नाही. मान मागे कलली तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. फिट आल्यास कुशीवर वळवून घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय. तोंडात चमचा घालू नये. (कांदा-चप्पल हुंगवणे तर नकोच!) घाईत असणाऱ्यांनी भरवण्याऐवजी भाजी निवडावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात.

– एक वाचक, पुणे