भरतीरेषा कुठे रोवायची?

नागपूर,
दि. १० नोव्हेंबर

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. शेजारच्या गावापुढे धूपप्रतिबंधक बंधारा झाल्यापासून दोन वर्षांत तुझ्या वाडीतले चार माड समुद्रात गेले, हे वाचून वाईट वाटले. आश्चर्य मात्र वाटले नाही. लाटांबरोबर वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत असते. एका गावाने दगड रचून आपली जमीन धरली की पुढे जाणारी वाळू तुटते, लाटेचा मार बंधाऱ्याच्या टोकापाशी एकवटतो आणि पुढच्या गावाची धूप वाढते. बांधणाऱ्यांनी काम चोखच केले असेल; त्यांच्या अंदाजपत्रकात तुझे गाव नव्हते, एवढेच.

एकात्मिक किनारा व्यवस्थापनाचे, म्हणजे सगळ्या खात्यांनी मिळून अख्खा किनारा सांभाळण्याचे, घोडे नेमके इथेच पेंड खाते. किनारा एक, पण त्याचे धनी किती! जमीन महसूल खात्याकडे, कांदळवन वन विभागाकडे, खारभूमीचे बांध जलसंपदा विभागाकडे, छोटी बंदरे मेरीटाइम बोर्डाकडे, बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याकडे आणि त्यापलीकडची केंद्राकडे. समन्वयाची बैठक होते, तिचे इतिवृत्तही निघते, पण पैसा ज्याच्या त्याच्या लेखाशीर्षातच राहतो. २०१० मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेला एकात्मिक व्यवस्थापनाचा प्रकल्पसुद्धा गुजरात, ओडिशा आणि पश्चिम बंगाल या तीनच राज्यांत होता.

मी हयातभर मोजणी खात्यात साखळी ओढली. आमच्याकडे आजोबाने रोवलेला हद्दीचा दगड नातवाला सापडतो. तुमच्याकडे मात्र सगळे ज्या भरतीरेषेपासून मोजायचे, ती म्हणजे उधाणाचे पाणी जमिनीवर जिथवर चढते ती रेषा, आणि ती स्वतःच सरकते. केंद्राच्या १९९१ च्या किनारा नियमन (सीआरझेड) अधिसूचनेने तिच्यापासून ५०० मीटरचा पट्टा नियमनाखाली आणला. मग २०११ मध्ये दुसरी अधिसूचना आली आणि २०१९ मध्ये तिसरी. या तिसरीने, ज्या ग्रामीण भागात दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोक राहतात, तिथला बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. तो लागू व्हायचा तर आधी त्यानुसार किनाऱ्याचा नवा आराखडा मंजूर व्हावा लागतो आणि तोवर जुन्याच आराखड्यावर कारभार चालतो.

त्या आराखड्याची जनसुनावणी आपण दोघांनी पाहिली होती, आठवते ना? भिंतीवर १:२५,००० चा नकाशा लावला होता. त्यावर ५० मीटर म्हणजे दोन मिलिमीटर, बोथट पेन्सिलीच्या जाड रेघेएवढे. एक कोळीणबाई पदराने चष्मा पुसून पुसून आपली मासळी वाळवायची जागा त्यात शोधत होती. तिला ती सापडली नाही, कारण सातबाऱ्यावर ती सरकारी पड होती आणि नकाशावर नुसतीच कोरी. गावपातळीचा १:४००० चा नकाशा असतो तो याचसाठी. त्यावर होड्या ओढायची वाट, जाळी विणायची जागा, सारे दाखवता येते. पण ते भरायला कोणीतरी गावाबरोबर ओहोटीला चिखलात उतरून फिरले पाहिजे. उपग्रहाच्या छायाचित्रात ती बाई दिसत नाही.

तू म्हणशील, नागपुरात बसून मला समुद्राची उठाठेव कशाला? अरे, आमच्या घरामागून वाहणारी नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि पुढे वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असे करत ते पाणी बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत गोसीखुर्दसारख्या धरणांत गाळ अडतो. मुखापाशी त्रिभुज प्रदेशाला गाळ कमी पडला की तिथलाही किनारा तुझ्या वाडीसारखाच झिजतो. ५०० मीटरच्या पट्ट्यात अर्थातच नागपूर बसत नाही, म्हणून किनाऱ्याच्या आराखड्यावर आमच्या महापालिकेला कोणी काही विचारत नाही.

तुझ्या तक्रारीपुरते सांगतो. अर्जात नुसते ‘माड पडले’ असे लिहू नकोस. त्याचा कोणी पंचनामा करील आणि कागद नस्तीत जाईल. येत्या अमावास्येच्या उधाणाला पाणी जिथवर येईल, तिथे माडाच्या खोडावर चुन्याने खूण कर आणि तारीख लिही. पौर्णिमेलाही तसेच कर. डिसेंबरात मी जुना गटनकाशा आणि टेप घेऊन येतो. दोघे मिळून बंधाऱ्याच्या टोकापासून मोजू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधुकर