आधी सर्व्हो, मोटार शेवटी

दादर, मुंबई
जूनचा पहिला आठवडा

प्रिय पक्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं, सोबतची यादीही. रिमोटवर चालणाऱ्या बग्गीचं किट घरी आलं आणि चिऊने स्वतः बसून शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल भरलं, हे वाचून फार बरं वाटलं. आता इलेक्ट्रॉनिक्सचं विचारलं आहेस, तर सविस्तरच लिहितो. फोनवर हे नीट सांगून होत नाही. आकडे कागदावर असले म्हणजे दुकानात उभं राहून ताडून बघता येतात.

पहिलं म्हणजे तुझी यादी उलटी कर. सर्वांत वर तू साडेपाच टर्नची, म्हणजे तारेच्या साडेपाच वेढ्यांची, मोटार लिहिली आहेस, तिच्याखाली १६० अँपिअरचा ईएससी (मोटारीला वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर), आणि अगदी तळाला ‘सर्व्हो – कुठलाही, रिमोट – जुना आहे तो’. मोटारीचा मोह सगळ्यांनाच पडतो. पण बाप-लेकीला शर्यतीत उतरायचं असेल, तर पैसे आधी त्या वस्तूंवर घाल ज्या चिऊचं बोट आणि गाडीची चाकं जोडतात: रिमोट, आणि पुढची चाकं वळवणारा सर्व्हो. ताकद सगळ्यात शेवटी.

कारण सांगतो. तुझी बग्गी एक-दशांश मापाची, फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी. सगळं बसवून वजन दीड किलोच्या आसपास भरेल. आणि आपल्याला पळवायला मिळते ती सुटी लाल माती, वर बारीक खडी. तिथे साडेसतरा टर्नची साधी मोटारसुद्धा थ्रॉटल जरा जास्त दाबला की मागची चाकं जागच्या जागी फिरवते. साडेपाचची लावलीस तर चिऊ अख्खी फेरी बोट आवरण्यातच घालवेल. फेरीचा वेळ वाचतो तो वळणात: गाडी ठरल्या जागी वळली, उडीवरून सरळ उतरली आणि पुढच्या वळणाआधी वेळेत सावरली तर. हे सगळं सर्व्हो आणि रिमोटच्या हातात असतं.

तर सर्व्हो. डब्यावर दोन आकडे असतात. एक टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, किलोग्रॅम-सेंटीमीटरमध्ये; दुसरा वेग, म्हणजे ६० अंश फिरायला लागणारे सेकंद. तुझ्या गाडीला १० ते १५ किलो टॉर्क भरपूर झाला. वेग मात्र ०.१० सेकंद किंवा त्याहून कमी हवा, यात तडजोड करू नकोस. दुकानदार कदाचित २५ किंवा ३५ किलोचा सर्व्हो पुढे करेल, तोही त्याच किमतीत. एवढी ताकद मोठ्या एक-अष्टमांश गाड्यांना किंवा दगडांवर चढणाऱ्या क्रॉलरला लागते, आणि स्वस्तात मिळणारे असे सर्व्हो बहुधा मंद असतात. वेग कोणत्या व्होल्टला मोजला आहे तेही वाच. ७.४ व्होल्टला ०.०९ सेकंदांत फिरणारा सर्व्हो ६ व्होल्टला मंदावतो, आणि तुझा ईएससी सर्व्होला ६ व्होल्टच देत असेल तर डब्यावरचा वेग तुला कधीच दिसणार नाही.

घेण्याआधी चेसिसवर सर्व्होची जागा मोजून घे. हल्लीच्या बऱ्याच बग्ग्यांना कमी उंचीचा, लो-प्रोफाइल सर्व्होच लागतो. दांड्याचे दातेही बघ: फुटाबा आणि सावॉक्स कंपन्यांचे २५, सानवा आणि केओचे २३. २५ दात्यांचा हॉर्न, म्हणजे दांड्यावर बसणारी पट्टी, २३ च्या दांड्यावर ढिला बसतो आणि पहिल्या धडकेत फिरतो.

बसवून झाला की एक काम चिऊकडून करून घे. गाडी स्टँडवर ठेवा, चाकं पूर्ण डावीकडे न्या आणि कान सर्व्होजवळ न्या. चाकं अडकून थांबली तरी आतून जोराचा गुणगुणाट येत असेल, तर सर्व्हो अजून ढकलतो आहे, करंट खातो आहे आणि तापतो आहे. रिमोटमध्ये त्या बाजूच्या एंड पॉइंटचे, म्हणजे चाकं कुठवर वळायची त्या मर्यादेचे, टक्के एकेक करून कमी करत जा. गुणगुण बसली की तिथेच थांबा. मग उजवी बाजू. दोन्ही बाजूंचे आकडे बहुतेक वेळा सारखे येत नाहीत, त्याची काळजी करू नकोस. पाच मिनिटांचं काम आहे, पण किती सर्व्हो एवढ्यासाठीच जळतात!

रिमोटचं बोलायचं तर तुझा जुना क्रिस्टलवाला २७ मेगाहर्ट्झचा आता कपाटातच राहू दे. त्यात एकाच क्रिस्टलचे, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीचे, दोघे मैदानात आले की दोघांच्याही गाड्या वेड्यासारख्या पळायच्या, आठवतं ना? २.४ गिगाहर्ट्झमध्ये गाडीतला रिसीव्हर आपल्या रिमोटशी बाइंड होतो, म्हणजे जोडला जातो, दुसऱ्याचं ऐकत नाही, त्यामुळे ती भानगडच मिटली. महागडाच हवा असं नाही. फ्लायस्कायचे मधल्या किमतीचे चांगले चालतात. सानवा-फुटाबाचे वरचे रिमोट उत्तमच, पण पहिल्या वर्षी गरज नाही. चार गोष्टी मात्र असायलाच हव्यात: एंड पॉइंट, स्टिअरिंगचा ड्युअल रेट (चाकं एकूण किती वळायची ते कमी-जास्त करणारा), एक्स्पो (मधल्या भागात स्टिअरिंग मऊ करणारा) आणि फेलसेफ. चिऊचा हात लहान आहे, म्हणून घेताना तिला सोबत ने आणि तिच्याच हातात देऊन बघ. ट्रिगरपर्यंत तिचं बोट न ताणता पोचलं पाहिजे. जास्तीचे रिसीव्हर त्याच कंपनीचे लागतील, हे खर्चात आधीच धर.

फेलसेफ म्हणजे सिग्नल तुटला तर गाडीने काय करायचं ते. थ्रॉटल न्यूट्रलला किंवा थोड्या ब्रेकवर ठेव. मग चाकं हवेत धरून, मोटार हलकी फिरत असताना रिमोट बंद कर. चाकं लगेच थांबली पाहिजेत. हे पाहिल्याशिवाय गाडी मैदानात उतरवू नकोस. कडेला लहान पोरं उभी असतात.

आता मोटार. साडेसतरा टर्नची, ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली), सेन्सरवाली. टर्न जितके कमी तितकी मोटार वेगवान, एवढं तुला ठाऊक आहेच. बाहेरदेशी टू-व्हील बग्गीचा ‘स्टॉक’ वर्ग बहुतेक साडेसतरावर आणि फोर-व्हीलचा साडेतेरावर चालतो, त्यामुळे सेटअपची माहितीही याच मोटारींसाठी सर्वांत जास्त मिळते. सेन्सर हवाच. मोटारीच्या मागे तीन हॉल सेन्सर असतात, रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, नेमका कुठे आहे ते सहा तारांच्या बारीक केबलमधून ईएससीला कळत राहतं. म्हणून गाडी अगदी हळू, न अडखळता निघते. सेन्सर नसलेली मोटार सुरुवातीला झटके देते, आणि सुट्या मातीवर वळणातून बाहेर पडताना तसा एकच झटका मागची बाजू फिरवायला पुरतो. ती सहा तारांची केबल सगळ्यात नाजूक. वळवताना चिमटू नकोस, पिनियनपासून, म्हणजे मोटारीवरच्या छोट्या दातेरी चाकापासून, लांब बांध.

साडेसतरासाठी ६० ते ८० अँपिअरचा सेन्सरवाला ईएससी पुरेसा आहे. १६० चा घेतलास तर बिघडणार काही नाही, पण ते पैसे सर्व्होत गेलेले बरे. डब्यावर किमान किती टर्नची मोटार चालेल ते लिहिलेलं असतं, तेवढं बघ. ब्लिंकी मोड असला तर उत्तम: त्यात ईएससी स्वतःहून टायमिंग वाढवून, म्हणजे वीज थोडी आधी सोडून, मोटारीचा वेग वाढवत नाही आणि दिवा लुकलुकत राहतो, म्हणजे शर्यतीत कुणी लपवाछपवी केली नाही हे लांबूनही दिसतं. बीईसी, म्हणजे सर्व्होला वीज देणारा भाग, ६ आणि ७.४ दोन्ही व्होल्ट देणारा बघ. तो अशक्त असला की जोराच्या वळणात व्होल्टेज पडतं, रिसीव्हर क्षणभर झोपतो आणि आपण उगाच रिमोटला दोष देतो. सर्व्हो गाडीत चढवताना एकदा मनात आलं, की १९८४ च्या टॅमिया हॉर्नेट बग्गीमध्ये थ्रॉटललाही एक वेगळा सर्व्हो असायचा. तो यांत्रिक स्पीड कंट्रोलरची पट्टी सरकवायचा आणि रेझिस्टर तापायचा. तिथून आपण कुठे आलो, बघ.

बॅटरी दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर), ७.४ व्होल्टची, हार्डकेसमधली. चेसिसमधली बॅटरीची खाच मोजून घे. बऱ्याच बग्ग्यांत आखूड, ‘शॉर्टी’ पॅकच बसतो. क्षमतेच्या मागे धावू नकोस. ४००० एमएएचची बॅटरी पाच मिनिटांत पूर्ण रिकामी करायची तर सलग सरासरी ४८ अँपिअर ओढावे लागतील, आणि साडेसतरा टर्नची मोटार सरासरी तेवढं ओढत नाही. ‘सी’च्या आकड्यावरही, म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट मिळेल त्यावर, डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. ५००० एमएएच आणि १०० सी म्हणजे ५०० अँपिअर. त्या बॅटरीच्या तारांनाच ते सोसणार नाही. खरी परीक्षा आंतरिक रोधाची, जो चांगला चार्जर मिलिओहममध्ये दाखवतो. पॅकचा रोध १० मिलिओहम असेल तर ४० अँपिअर ओढताना ०.४ व्होल्ट आतच खर्च होतात. २० असेल तर ०.८. गाडी शेवटच्या मिनिटाला मरगळते ती याने. नव्या पॅकचा आकडा वहीत लिहून ठेव आणि अधूनमधून पुन्हा मोज.

आणि घरात चार्ज करताना काळजी घे, ही कळकळीची विनंती. दोन्ही सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच वापर. ५००० च्या पॅकला ५ अँपिअर, त्याहून जास्त नको. पलंगावर, गादीजवळ, पडद्याखाली नको. कडाप्प्याच्या ओट्यावर, लायपो बॅगेत ठेव आणि कुणीतरी जागं आणि जवळ असताना कर. पूर्ण चार्ज म्हणजे सेलला ४.२ व्होल्ट. पळवायची नसेल तर ३.८ वर आणून ठेव, लोकलने ये-जा करतानाही तशीच ने, टोकांना टेप लावून. फुगलेला पॅक एकदाही वापरू नकोस.

गिअरिंग लहान पिनियनपासून सुरू कर. समज स्पर (पिनियन ज्याला फिरवतं ते मोठं दातेरी चाक) ७२ दात्यांचा, पिनियन ३० चं आणि गिअरबॉक्सचं गुणोत्तर २.६; ७२ भागिले ३० म्हणजे २.४, गुणिले २.६ म्हणजे ६.२४. चाकाच्या एका फेऱ्याला मोटारीचे सव्वासहा फेरे. तीन मिनिटं पळवून मोटारीचं तापमान मोज. ८० अंश सेल्सिअसच्या आत राहिली पाहिजे, नाहीतर आतलं चुंबक कायमचं मंद होतं. आपल्याकडे मे महिन्यात मोटार सुरूच मुळी तिशीच्या पुढून होते, म्हणून परदेशी सेटअपमधलं पिनियन इथे एक-दोन दाते कमी करूनच लाव. कोविडमध्ये घेतलेली कपाळाची थर्मामीटर-बंदूक याला बहुधा चालणार नाही. ती अंगाच्या तापापुरतीच मोजते. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर घे.

पाऊस आता तोंडावर आहे. शर्यतीचे ईएससी बहुतेक पाण्याला चालत नाहीत, त्यामुळे चिखलात नेऊ नकोस. या हवेत बेअरिंगही पटकन गंजतात; चार महिने रिमोट आणि गाडी बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव.

सोल्डरिंगचं सामान, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), जाड सिलिकॉन वायर हे सगळं लॅमिंग्टन रोडला मिळेल. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी चिऊला घेऊन निघ. डोंबिवलीहून दादरला उतरा, मी प्लॅटफॉर्मवर थांबतो, तिथून ग्रँट रोडला जाऊ. सोल्डरिंग आयर्न ६० वॉटचं तरी घे. जाड वायर कमी वॉटच्या आयर्नने नीट तापत नाही, वर सोल्डर चमकतं आणि आत जोड कच्चा राहतो. पहिले दोन-तीन जोड माझ्याकडेच करू, चिऊलाही शिकवतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिऊला गोड पापा.

तुझा,
दिल्या

ता. क. सर्व्होला धातूचा, स्क्रूने आवळायचा हॉर्न घे. किटमधला प्लास्टिकचा पहिल्याच महिन्यात ढिला पडतो. पण किटमध्ये सर्व्हो सेव्हर, म्हणजे धडकेचा धक्का सोसणारा भाग, वेगळा दिला असेल तरच. नसेल तर धातूचा हॉर्न लावू नकोस, प्रत्येक धडक थेट गिअरवर जाईल.