अगालेगाचा करार संसदेसमोर यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेजारी देशांच्या बेटांवर चीन बांधत असलेल्या बंदरांविषयी आपल्या वृत्तपत्रात अलीकडे बरेच छापून आले. श्रीलंकेतले हंबनटोटा तर प्रत्येक लेखात असतेच. परक्या बेटांवर बांधकाम करणाऱ्यांत आपणही आहोत, यावर मात्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही.

मॉरिशसच्या मुख्य बेटापासून उत्तरेला सुमारे ११०० किलोमीटरवर अगालेगा नावाची दोन लहान बेटे आहेत. वस्ती तीनशेच्या आसपास, भोवती नारळाच्या बागा, बोटीने जायचे तर दोन दिवस सहज मोडतात. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान मोदी आणि मॉरिशसचे तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी तिथल्या नव्या धावपट्टीचे आणि जेट्टीचे उद्घाटन केले. पैसा भारताचा, सामंजस्य करार २०१५ चा. धावपट्टीची लांबी ३ किलोमीटर! आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची ३२०० मीटर आहे आणि तिच्यावर विदर्भाची विमानवाहतूक चालते. माझी सारी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात झाली. तीनशे माणसांच्या गावासाठी असे खर्चाचे प्राक्कलन टेबलावर आले असते, तर सही करण्याआधी मी एवढेच विचारले असते, की इथे उतरणार काय आहे? रुग्ण न्यायला, सामान आणायला डॉर्नियरसारखे छोटे विमान पुरते आणि त्याला याच्या एक तृतीयांश लांबीही पुष्कळ झाली. ३ किलोमीटरवरून नौदलाचे पी-८आय, म्हणजे बोइंग ७३७ वर बेतलेले, पाणबुड्या हुडकणारे विमान, भरल्या टाकीने उडू शकते.

हे बांधायला नको होते, असे मी म्हणत नाही. २०२३ च्या अखेरीस येमेनच्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठी वाहतूक आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. हिंदी महासागराच्या त्या कोपऱ्यात नजर ठेवायला जागा असणे आपल्या फायद्याचेच. बेटावरच्यांनाही वादळात विमानाचा आधार मिळेल. डिसेंबर २०२४ मध्ये चिडो चक्रीवादळाने तिथे केलेली पडझड ताजीच आहे.

माझी हरकत लपवाछपवीला आहे. मॉरिशस सांगतो, हा लष्करी तळ नाही. दिल्ली सांगते, दळणवळण आणि सागरी सुरक्षा. मग धावपट्टीचा ताबा कुणाकडे, भारतीय माणसे किती, किती वर्षांसाठी? मॉरिशसच्या विरोधकांनी मागूनही हा तपशील बाहेर आलेला नाही. शत्रूला कळू नये म्हणून, असे कुणी म्हणेल. अहो, उपग्रहाच्या छायाचित्रावरून धावपट्टीची लांबी आणि हँगरची रुंदी आज कुणालाही मोजता येते. कळत नाही ते फक्त तिथल्या रहिवाशांना आणि आपल्याला.

असेच एकदा हात पोळून झाले आहेत. सेशेल्सच्या अझम्प्शन बेटावर धावपट्टी आणि जेट्टी बांधण्याचा करार आपण २०१५ मध्ये केला, जानेवारी २०१८ मध्ये तो सुधारून पुन्हा सही केली. मजकूर गुप्त होता, तो फुटला, लोक रस्त्यावर आले. शेजारीच अल्डाब्राचे प्रवाळ बेट, राक्षसी कासवांचे घर, जागतिक वारसास्थळ. त्याचीही काळजी होती. तिथल्या संसदेने करार मंजूर केलाच नाही. मालदीवमध्ये उथुरु थिला फल्हू बेटावरच्या तटरक्षक बंदराचा भारताशी झालेला करार दाखवा, ही मागणी भारतीय सैनिक हटवा म्हणणाऱ्या ‘इंडिया आउट’वाल्यांच्या हातात आयतीच पडली. २०२३ मध्ये मुइझ्झू तिथले अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि मे २०२४ पर्यंत आपले सैनिक परत आले.

अगालेगाच्या लोकांची भीती आणखी जुनी आहे. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहात, डिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ उभारण्यासाठी ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात चागोसच्या साऱ्या रहिवाशांना हलवले. त्यांतले कितीतरी मॉरिशसमध्ये आले, पोर्ट लुईच्या झोपड्यांत राहिले. तळ झाला की गाव उठते, हे अगालेगाच्या लोकांनी पाहिले आहे. भारत तसे करणार नाही, असे मला वाटते. पण माझ्या वाटण्याने त्यांचे काय भागणार? गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले, आणि बुडीत क्षेत्रातल्या लोकांना तोंडी आश्वासने किती मिळाली आणि कागदावर काय आले, हे भंडाऱ्याकडच्या कुणालाही विचारावे.

हंबनटोटाही व्यापारी बंदर म्हणूनच बांधले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे युआन वांग ५ हे चिनी टेहळणी जहाज लागले, तेव्हा बंदराचा खरा उपयोग काय, असे आपण जगभर विचारत होतो. अगालेगाचा माणूस तेच विचारतो, फक्त आपल्याला.

तेव्हा करारातली ताबा, मुदत आणि रहिवाशांचे हक्क ही तीन कलमे तरी सरकारने संसदेच्या पटलावर ठेवावीत. कुठले विमान कधी उडते, ते खुशाल गुप्त राहू द्या. नागपूरच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न लेखी विचारावा आणि आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीने उत्तराचा पाठपुरावा करून ते जसेच्या तसे छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता
प्रतापनगर, नागपूर