मॉरिशसच्या मराठी माणसांना त्यांचं गाव सापडू द्या : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कोकणातील जाखडी, मॉरिशसमधील झाकरी आणि दोन्हीकडच्या कुटुंबांची भेट

महोदय,

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात राहते. घरी भातशेती आहे. माझे सासरे वाडीच्या जाखडीत, म्हणजे गौरी-गणपतीतल्या फेराच्या नाचगाण्यात, मृदुंग वाजवायचे, आता दीर वाजवतात. मॉरिशसमधली अनेक मराठी कुटुंबं आपलं मूळ गाव शोधत आहेत आणि त्यांना ते सापडावं म्हणून लागणारी निम्मी सामग्री आपल्या खात्याच्या ताब्यात आहे. उरलेली निम्मी आमच्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. ही दोन्ही एकत्र आणण्याचं काम शासनाने हाती घ्यावं, ही माझी विनंती.

थोडा मागचा इतिहास सांगते. इंग्रजांच्या वसाहतींमध्ये गुलामगिरी संपली तेव्हा मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून १९२० च्या सुमारापर्यंत साडेचार लाखांवर माणसं हिंदुस्थानातून करारावर तिकडे उतरली. बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, कलकत्त्याहून गेलेली. मद्रासकडून तमिळ आणि तेलुगू गेले. मुंबई बंदरातून जे गेले त्यांत आपले कोकणातले आणि घाटावरचे लोक होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून ही माणसं बेटावर गेली, ते ठिकाण आज आप्रवासी घाट म्हणून ओळखलं जातं आणि २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. धक्क्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळायचा. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा आणि गाव असं सगळं वहीत उतरवलं जायचं, पुढच्या काळात फोटोही काढले गेले. ती दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत आणि वंशजांना तिथून आपल्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा मिळतो.

म्हणजे त्यांच्या बाजूचं काम बरंचसं झालेलं आहे. घोडं अडतं ते आपल्या किनाऱ्यावर.

पहिली अडचण आडनावाची. धक्क्यावरच्या कारकुनाने माणसाचं नाव आणि बापाचं नाव लिहिलं, आडनाव बहुतेकदा लिहिलंच नाही. पुढे त्या बापाच्या किंवा आजोबाच्या नावाचंच आडनाव झालं. आपल्याकडे आडनाव सांगितलं की समोरचा लगेच ‘कुठले तुम्ही?’ म्हणून गावाशी जोडून टाकतो. मॉरिशसच्या मराठी माणसाला ही वाट बंद आहे. याच्या उलट रायगड किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली ज्यूंचं पाहा. पेणकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावं घेऊन ते इस्रायलला गेले, त्यामुळे त्यांच्या नातवंडांना आजही पेण, किहीम, नवगाव नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं.

आडनाव गेलं, घरातली बोलीही मागे पडली. आज तिकडची बहुतेक मराठी घरं क्रिऑल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात. प्राथमिक शाळेत मुलांना मराठी विषय घेता येतो आणि शिक्षक मनापासून शिकवतात, पण ती पुस्तकातली मराठी. जुन्या घरातलं टिकलं ते गाणं. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी वस्त्यांमध्ये झाकरीचा फेर धरतात. आमची जाखडी ती हीच. आमच्याकडे गौरी-गणपतीत आरती आटोपली की अंगणात मधोमध मृदुंगवाला आणि गाणारे बसतात, झांज सुरू होते आणि पायात चाळ बांधलेले नाचे भोवती फिरतात. आधी गण, मग गौळण, मग रात्र चढेल तसे शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन बाजूंचे सवाल-जवाब. तिकडे सवाल-जवाबाची धार कमी झाली आहे, कारण त्याला भाषेवर पकड लागते. पण गणाची चाल, मृदुंगाचा ठेका आणि फेरातली पावलं मात्र राहिली. आमच्याकडच्या कोणीही डोळे मिटून ऐकलं तरी ‘हे आपलंच’ म्हणेल, इतकी राहिली.

आमची ओळख इंटरनेटवर झाली. पुतण्याने गणपतीत मोबाईलवर जाखडी टिपली आणि वाडीच्या मंडळींनी पाहावी म्हणून फेसबुकवर टाकली. मुंबईच्या चाकरमान्यांसाठी केलेली ती खटपट. काही दिवसांनी मॉरिशसहून एका तरुणीचा निरोप आला. इंग्रजीत लिहिलं होतं की आमचे आजोबा असंच गायचे, हे कुठलं गाव? पुढे व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाला. तिकडून झाकरीचे तुकडे यायचे, इकडून सासऱ्यांच्या वहीतल्या पदांचे फोटो जायचे. त्यांना देवनागरी सावकाश वाचता यायची, म्हणून पुतण्या प्रत्येक ओळ आवाजात म्हणून पाठवायचा. मग एके वर्षी ते कुटुंब थेट आमच्याकडे आलं : आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुंबईहून कोकण रेल्वेने संगमेश्वर रोड स्टेशनवर उतरले. रात्री ओटीवर बसलो असताना त्या आजींनी गणाची सुरुवात केली. शब्द तुटके होते, काही त्यांनाही कळत नव्हते. माझ्या चुलत सासूबाई चुलीपुढून उठून आल्या आणि अर्धवट ओळी त्यांनी पुऱ्या केल्या. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यानंतर तासभर त्या दोघीच गात होत्या आणि आम्ही सगळे गप्प बसून ऐकत होतो.

त्यांच्याकडे इन्स्टिट्यूटमधून आणलेला उतारा होता. जिल्हा रत्नागिरी, पुढे गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. ते नाव आमच्या तालुक्यातल्या एका गावाला जुळत होतं, राजापूर तालुक्यातल्या एका गावाला जुळत होतं आणि मालवणकडच्या एका वाडीलाही. तिथे आम्ही थांबलो. एका सरकारी कार्यालयात विचारायला गेलो तर ‘सात-बारा आणा’ असं उत्तर मिळालं. करारावर समुद्रापार गेलेल्या कुळवाड्याच्या नावावर सात-बारा कुठून असणार? ते कुटुंब आमच्या ग्रामदेवतेला नारळ ठेवून परत गेलं. ती त्यांची ग्रामदेवता आहे की नाही हे आम्हालाही सांगता आलं नाही.

हे सगळं लिहिलं कारण यातला एकही अडथळा अवघड नाही. जुन्या नोंदींतला रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं. मॉरिशसमध्ये बसून शोधणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही, तो फक्त आजच्या रत्नागिरीच्या नकाशात गाव शोधत बसतो. आपल्याच खात्याखाली दर्शनिका (गॅझेटिअर) विभाग आहे आणि जुनी सरकारी दप्तरं जपणारं पुराभिलेख संचालनालयही आहे. मुंबई इलाख्याच्या काळातली स्थलांतराची कागदपत्रं याच पुराभिलेखात आहेत. या दोन कार्यालयांनी मिळून कोकणातल्या गावांचा आणि वाड्यांचा एक कोश करावा : आजचं नाव, जुन्या इंग्रजी दप्तरांतली त्याची निरनिराळी रूपं, तेव्हाचा तालुका, आताचा तालुका, ग्रामदैवत, आणि वाडीत वस्ती कोणाकोणाची. ग्रामदैवताचा रकाना वगळू नये, कारण घरात कुळाचं दुसरं काही उरलं नसलं तरी देवाचं नाव पुष्कळदा उरतं. मॉरिशसच्या घरांत आजही गोंधळ घातला जातो. त्यात ज्या देवांना हाक मारली जाते त्यांची नावं कोणी नीट ऐकली तर अर्धा शोध तिथेच लागेल.

दुसरं काम गाण्याचं, आणि ते जास्त घाईचं आहे. कोश पाच वर्षांनी झाला तरी चालेल, दप्तरं कुठे जात नाहीत. वाडीतले जुने शाहीर जातील. प्रत्येक जाखडी मंडळाला गुरुपरंपरा असते, पदांच्या हाताने लिहिलेल्या वह्या असतात, आणि चालींमध्ये तालुक्या-तालुक्यागणिक फरक असतो. गुहागरचा ठेका आणि आमचा ठेका एक नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. गावानिशी, गुरूच्या नावानिशी ध्वनिमुद्रण झालं तर मॉरिशसच्या एखाद्या वस्तीतली झाकरी कोणत्या तालुक्याच्या चालीला जवळ जाते, हे जाणकार कानाने ओळखतील. कागदावरच्या नावाला तीन गावं जुळतात तेव्हा हा कानाचा पुरावा उपयोगी पडेल. तो एकटा पुरेसा नाही हे मला कळतं, चाली प्रवास करतात, मुंबईच्या गिरणगावात तर सगळ्या तालुक्यांच्या चाली एकमेकींत मिसळल्या. पण गाव शोधणाऱ्याला तेवढ्याने दिशा मिळते.

यासाठी कलावंत शोधत फिरायचीही गरज नाही. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी आलेल्या अर्जांत प्रत्येकाचं गाव, कला आणि गुरू यांची माहिती जिल्हावार पडून आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाला २०२५ मध्ये राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला, त्याचा आम्हाला आनंद आहे. त्या निधीतला थोडा भाग घराच्या अंगणात होणाऱ्या जाखडीकडे वळावा. मोठ्या मंचावर दहा मिनिटांसाठी नाचवायला नेलेली जाखडी ही जाखडी नव्हे. तिला रात्र लागते, समोर दुसरी बाजू लागते, आणि शब्दन् शब्द पकडणारा प्रेक्षक लागतो. ध्वनिमुद्रणाची माणसं आमच्या अंगणात यावीत, दोन रात्री राहावीत. पदं शाहिरांची आहेत, तेव्हा त्यांची लेखी संमती घ्यावी, मानधन हातात द्यावं, आणि पुढे कोणी त्यातून पैसे मिळवले तर त्यांचा वाटा राहावा. आज आमच्याकडचे शक्ती-तुऱ्याचे सामने यूट्यूबवर भरपूर दिसतात, पण गाणाऱ्याचं नाव, गाव, गुरू पुष्कळदा लिहिलेलंच नसतं.

आमचा ग्रुप एका पुतण्याच्या उत्साहावर चालतो. उद्या त्याला नोकरी लागली, मोबाईल बदलला, की दोन्हीकडचे फोटो, आवाज, पदं विखुरणार. अशा ओळखी कितीतरी घरांनी जोडल्या असतील आणि तुटल्याही असतील. म्हणून शासनाचं, कायम राहणारं एक संकेतस्थळ हवं, जिथे कोश आणि ध्वनिमुद्रणं एकत्र असतील आणि दोन्हीकडच्या कुटुंबांना आपली माहिती स्वतः भरता येईल. ते देवनागरीबरोबर रोमन अक्षरांतही वाचता यावं आणि फ्रेंचमध्येही असावं, कारण तिकडचे तरुण रोज तेच वाचतात. महात्मा गांधी इन्स्टिट्यूटशी रीतसर करार झाला, तर त्यांच्या नोंदी आणि आपला कोश एकमेकांना जोडता येतील. तिथे मराठी विभाग आहे, मराठी शिकवणारी माणसं आहेत, हात पुढे केला तर ते घेतील याची मला खात्री आहे.

हे आत्ताच का, तर दिल्लीने दार उघडलं आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपतींनी मॉरिशस दौऱ्यात जाहीर केलं की तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही प्रवासी भारतीय नागरिकत्वाच्या कार्डासाठी अर्ज करता येईल. गिरमिटियांची, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांची, गावं नोंदवणारी माहिती तयार व्हावी, असं २०२५ मध्ये पंतप्रधानही बोलले. या कामात भोजपुरी पट्टा पुढे असणार हे उघड आहे, त्यांची संख्या मोठी आणि आवाजही मोठा. तिकडच्या भोजपुरी घरांतलं लग्नाचं गीत-गवई २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. झाकरीसाठी भारत आणि मॉरिशस यांनी मिळून प्रस्ताव पाठवता येतो, दोन देशांच्या संयुक्त प्रस्तावाची सोय युनेस्कोकडे आहे. आपल्याकडून तो संगीत नाटक अकादमीमार्फत जातो. त्याला आधी नोंदी लागतात, आणि त्या राज्यालाच कराव्या लागतील.

एक विनंती पर्यटनाबद्दल. या कुटुंबांसाठी ठराविक स्थळांची बस-सहल आखू नका. त्यांना किल्ले आणि समुद्र बघायला आवडतातच, पण ते येतात ते वाडीत चार दिवस राहायला. त्यांना घरात पाहुण्यासारखी जागा, पोलीस नोंदणीची अडचण पडू नये म्हणून यजमानाला नीट माहिती, आणि जिल्ह्याला एक असा माणूस हवा ज्याला उतारा दाखवून ‘हे गाव कुठलं’ असं विचारता येईल. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड मिळून तीन माणसं झाली. निवृत्त शिक्षक किंवा तलाठी हे काम आनंदाने करतील, त्यांना गावंही माहीत असतात आणि जुनी मोडी दप्तरंही.

येत्या गौरी-गणपतीत आमच्या आणि शेजारच्या वाड्यांमधली मंडळं ध्वनिमुद्रणाला तयार आहेत. शाहिरांशी मी बोलले आहे, वह्या दाखवायला त्यांची हरकत नाही. राहण्या-जेवणाचं आम्ही पाहू. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने दोन जाणकार आणि चांगलं यंत्र पाठवावं, आणि तसं पत्र श्रावण संपण्याआधी ग्रामपंचायतीला मिळावं, म्हणजे मुंबईची मंडळी त्या हिशेबाने रजा टाकतील.

आपली विश्वासू,
संगमेश्वर तालुक्यातील एक रहिवासी
जि. रत्नागिरी