पाळी पुढे ढकलण्याची गोळी देण्याआधी विचारपूस होऊ द्या

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

परीक्षा, लांबचा प्रवास किंवा खेळाची स्पर्धा तोंडावर असताना पाळी चार दिवस पुढे जावी असं एखादीला वाटणं अगदी रास्त आहे. त्याचं कारण कुणाला सांगायला ती बांधील नाही. म्हणून या गोळ्यांवर बंदी घाला, असं मी मुळीच म्हणत नाही. त्या विचारपूस करून दिल्या जाव्यात, एवढीच मागणी आहे.

यासाठी बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरकाचं (हार्मोनचं) औषध देतात. 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून. गोळ्या थांबवल्या की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. निरोगी बाईला थोड्या दिवसांपुरती ती सहसा मानवते. पण इतक्या मात्रेत या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकात बदलतो आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. म्हणून पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा आजार असलेली, डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येऊन अर्धशिशी उठणारी बाई असेल, तर तिने आधी डॉक्टरांना भेटायलाच हवं. हे तिला विचारणार कोण? औषधाच्या दुकानात जिथे कागदात गुंडाळून, नजर चुकवून गोळ्या हातात ठेवल्या जातात, तिथे हा प्रश्न निघतच नाही. या संकोचाचा मला खरोखर राग येतो.

शिवाय, अशा रीतीने घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक नव्हे. अनेकींना हे कुणी सांगतच नाही. गर्भ राहिल्याची शंका असेल तर आधी तपासणी हवी. आणि जी आधीच एकत्रित (दोन संप्रेरकं असलेल्या) आणि पाकिटातल्या सगळ्या गोळ्यांत सारखीच मात्रा असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेते, तिला सहसा वेगळं औषध लागत नाही. दोन पाकिटांमधला सात दिवसांचा खंड न घेता पुढचं पाकीट सुरू केलं की पुरतं. त्या खंडातला रक्तस्राव आरोग्यासाठी गरजेचा नसतो.

तेव्हा आपण दोन आदेश काढावेत. गोळी देण्याआधी हे प्रश्न, चारचौघांत नव्हे तर आडोशाला, विचारणं बंधनकारक करावं. आणि प्रत्येक पाकिटासोबत तिला वाचता येईल अशा भाषेत चिठ्ठी द्यावी. पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं किंवा अचानक धाप लागली तर गोळी थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठा, हे त्यावर ठळक अक्षरांत असावं.

आपली,
एक नागरिक