फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणालात

ती. आई आणि ती. बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर मी तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, मी नोकरीचा राजीनामा दिला. दोन, 14 जूनला आमच्या हेवी मेटल बँडबरोबर आठ आठवड्यांच्या दौऱ्यावर युरोपला निघते आहे. दोन्हीवर तुम्ही ‘बरं बरं, छान’ म्हणालात आणि इकडे उकाडा आहे का ते विचारलंत. इतक्या सहज परवानगी मिळाली म्हणून मी फोन ठेवून खोलीभर नाचले. रात्री आईचा फोन. ‘तू काय सांगितलंस गं त्यांना? ते सगळ्यांना सांगत सुटलेत, पोरीला बढती मिळाली.’

म्हणून हे पत्र. लेखी, मोठ्या अक्षरात.

राजीनामा दिलेला आहे आणि तो मागे घेता येण्यासारखा नाही. व्हिसाही आला. युरोपातल्या शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं आणि आमचे सत्तावन्न होतात, त्यामुळे ‘तिकडेच राहिली तर’ ही आईची भीती कायद्यानेच निकालात काढली आहे. नोकरी वाईट होती म्हणून सोडली नाही. नऊ वर्षं मी सभागृहांत कंपन्यांच्या बैठकांचे माइक लावले, लोक भले होते, पगार पहिल्या तारखेला येत होता. आठ आठवड्यांची बिनपगारी रजा मागितली होती, मिळाली नाही, आणि त्यांचंही चूक नव्हतं. परत आल्यावरच्या कामासाठी दोन ठिकाणी बोलून ठेवलंय. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढलेत. शिलकीला हात लावलेला नाही. ऑगस्टच्या दहा तारखेला परत येते आहे. हा परिच्छेद मी तिसऱ्यांदा लिहितेय, आधीचे दोन कागद फाडले, तरी तो वकिलाच्या नोटिशीसारखाच झालाय. असू दे.

24 जूनला तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि मी नसणार. हे वाक्य खरं तर सगळ्यात वर लिहायचं होतं, धीर झाला नाही. तारीख आधी कळली असती तर गेले नसते, असं लिहून खोडलं. गेलेच असते. दादा 22 तारखेला येतोय, 1 जुलैपर्यंत राहणार आहे. डाव्या डोळ्याच्या वेळी तू होतीस, आता मी, असं तो आपणहून म्हणाला. त्याच्यासमोर कृपा करून त्या निळ्या बॅगेचा विषय काढू नका. आई, हे तुला सांगतेय.

बाबा, तुम्ही दर वेळी विचारता की मी त्या बँडमध्ये वाजवत नाही, गात नाही, मग करते काय. स्टेजच्या कडेला, पडद्यामागे एक डिजिटल मिक्सर असतो, त्यावर मी उभी असते. लोकांना जे ऐकू येतं ते मैदानाच्या मधोमध बसलेला दुसरा माणूस बघतो. वाजवणाऱ्यांना स्वतःला काय ऐकू येतं ते मी बघते. ढोल, दोन गिटारी, बेस, सगळं एकदम सुटलं की गाणाऱ्याला स्वतःचा आवाजसुद्धा सापडत नाही. म्हणून प्रत्येकाच्या कानात छोटे इयरफोन असतात आणि प्रत्येकाचं मिश्रण वेगळं. ड्रमरला ठोक्याची टिकटिक आणि बेस हवा, बाकी जग नको. गायकाला स्वतःचा आवाज आणि बोटभर गिटार. मी एकेकाच्या कानात शिरून ऐकते आणि त्याला हवं ते देते. कोणी स्टेजवरून नुसती भुवई उचलली तरी मला कळतं की काय कमी पडलं.

तुम्हाला छापखान्यात कागद अडकायच्या आधी मशीनच्या आवाजावरून कळायचं ना, तसंच.

ते इयरफोन ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचे असतात. कानात आधी स्पंजचा एक तुकडा सरकवतात, दातांमध्ये एक ठोकळा धरायला देतात म्हणजे जबडा उघडा राहतो, मग पिचकारीने मऊ लगदा भरतात आणि तो घट्ट व्हायची वाट बघतात. पाच मिनिटं जग बंद. गाताना जबडा हलला तरी माप सैल पडू नये म्हणून ही खटपट. आमचा गायक, एवढा दांडगा गडी, खुर्चीचे हात धरून बसला होता. बाबा, हे सगळं ओळखीचं वाटतंय ना? दोन महिन्यांपूर्वी तुमच्या कानाच्या मशीनसाठी हेच झालं. तेच साहित्य, तेच माप. त्यांनी ते रोज रात्री कानात घालण्यासाठी करून घेतलं आणि तुम्ही कपाटात ठेवण्यासाठी. यावर नंतर येते.

आधी आईच्या शंका. बसमध्ये झोपणार म्हणजे कुठे? दौऱ्याच्या बसमध्ये एकावर एक असे झोपायचे कप्पे असतात. प्रत्येकाला पडदा, एक दिवा, हवेची एक झडप. उठून बसता येत नाही, पण आडवं पडून वाचता येतं. पाय बसच्या पुढच्या बाजूला करून झोपायचं, म्हणजे अचानक ब्रेक लागला तर डोकं आपटत नाही. हे पहिल्याच दिवशी शिकवतात. आणि तू विचारणार नाहीस पण मनात आहे म्हणून सांगते: बसमधलं शौचालय फक्त लघवीसाठी. बाकी सगळं पेट्रोल पंपावर किंवा कार्यक्रमाच्या जागी. हा नियम मोडणाऱ्याला कोणी माफ करत नाही. आंघोळ रोज कार्यक्रमाच्या जागी मिळते, गरम पाणी असतं, टॉवेल तेच देतात. जेवण तिथेच शिजतं, शाकाहारी आधीच लिहून दिलंय. कपडे सुट्टीच्या दिवशी धुवायचे. मोजे चौदा जोड घेतलेत. चौदा, आई.

बाबांनी मागे मला ती स्वीडनमधल्या अपघाताची बातमी पाठवली होती. हो, मला ती माहीत आहे. या धंद्यात ती सगळ्यांनाच माहीत असते. 27 सप्टेंबर 1986, पहाटे मेटालिका बँडची बस उलटली आणि त्यांचा बेस वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. ‘त्याला फार वर्षं झाली’ अशी समजूत मी घालणार नाही. एवढंच सांगते की आता युरोपात ड्रायव्हरला सलग साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावंच लागतं, दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा आहे, आणि त्याने किती चालवलं ते गाडीतल्या यंत्रावर नोंदलं जातं. लांबच्या रात्री दोन ड्रायव्हर आहेत. आमच्या मॅनेजरकडून मी ते वेळापत्रक मागून घेतलं, तो हसला. हसू दे, सोबत जोडलंय.

विमानात फक्त आम्ही आणि हातातल्या बॅगा. वायरलेसच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात टाकता येत नाहीत, जवळच ठेवाव्या लागतात. (बाबा, तुम्हाला आवडेल असं एक: आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन खराच वैमानिक आहे. 2008 च्या दौऱ्यात बँड, माणसं आणि सामान घेऊन त्याने स्वतः बोइंग 757 चालवलं. गायचं आणि गाडीपण हाकायची.) आमच्या सामानाचं काम यापेक्षा नीरस आहे. प्रत्येक गिटार, प्रत्येक पेटी, प्रत्येक केबलचा अनुक्रमांक लिहून कार्नेट नावाचा कागद करावा लागतो. सीमेवर त्यावर शिक्के. जे नेलं ते सगळं परत आणलं नाही तर जकात भरा. ती यादी मी केली, बावीस पानं, आणि करताना तुमची ‘काय काय बरोबर’वाली वही आठवत होती.

जायचं कुठे कुठे? जूनमध्ये फ्रान्समधल्या क्लिसाँ गावी हेलफेस्ट महोत्सव. नाव वाचून आईने देवापुढे उभं राहायची गरज नाही, आजूबाजूला सगळे द्राक्षांचे मळे आहेत. महिनाअखेरीस हेलसिंकीला टुस्का, तिथे त्या दिवसांत रात्री साडेदहालाही उजेड असतो. मध्ये लहान लहान हॉल. मग जर्मनीतलं वाकेन. हे गाव जेमतेम दोन हजार वस्तीचं. 1990 मध्ये सहा बँड आणि आठशेच्या आसपास माणसं घेऊन सुरू झालेला तो महोत्सव, आता तिथे ऐंशी हजारांवर लोक येतात आणि गावच्या अग्निशमन दलाचा बँडही वाजवतो. 2023 मध्ये इतका पाऊस झाला की चिखलामुळे हजारो लोकांना आत घेताच आलं नाही. म्हणून गमबूट घेतलेत. शेवटी चेक देशातल्या जुन्या योझेफोव्ह किल्ल्यातलं ब्रूटल असॉल्ट. या ठिकाणी साउंड चेक वगैरे लाड नसतात, आधीचा बँड उतरला की अर्ध्या तासाच्या आत आपण उभे. त्यामुळे मिक्सरची सगळी तयारी पेन ड्राइव्हमध्ये, आणि तो माझ्या गळ्यात.

बाबा, तुम्ही या संगीताला ‘कारखाना’ म्हणता. मी त्यावर रुसायचे. आता वाटतं तुम्हाला पहिल्याच फटक्यात बरोबर कळलं होतं. हे निघालंच इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीतून. ब्लॅक सबाथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. शेवटचा दिवस होता, दुपारी घरी आल्यावर म्हणाला आता परत जात नाही. आई म्हणाली, असं अर्धवट सोडू नये, जा. गेला, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचाच हात. मग त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पुढे तारा सैल केल्या, सूर खाली उतरला, आणि तो जड, काळा आवाज तिथून आला.

आई, हा टोमणा नाही. ‘नोकरी अर्धवट सोडू नये’ तू म्हणालीस म्हणून मी ही गोष्ट शोधून काढलेली नाही. म्हणजे, थोडीशी शोधली. पण त्या आईचंही चूक नव्हतं गं.

आणि ती तर्जनी आणि करंगळी वर करायची खूण तुला अभद्र वाटते ना? ती लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओ या मेटल गायकाने, आणि तो सांगायचा की त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून तशी बोटं करायची. म्हणजे मैदानात हजारो लोक एकमेकांची दृष्ट काढत उभे असतात असं समज.

माझ्या कानांची काळजी करू नकोस. आवाज 100 डेसिबल असेल तर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उघड्या कानांनी उभं राहू नये, हे मला पाठ आहे. माझ्या कानातही मापाचे आहेत. बाबांना हे कोणी सांगितलं नाही. तीस वर्षं छापखान्यातल्या त्या रोटरी मशीनशेजारी कापसाचे बोळे घालून उभे राहिलात. घरी आलात की आम्ही ओरडून बोलायचो आणि तुम्ही म्हणायचात, ‘किंचाळता कशाला?’ स्कूटरवर मी मागे बसायचे तेव्हा वाऱ्यात काही ऐकू यायचं नाही, म्हणून तुमच्या पाठीला कान लावायचे. तुम्ही काहीतरी सांगत असायचात. शब्द कळायचे नाहीत, पण सगळा आवाज यायचा, खालून, हाडांतून. अजून कुठल्याही स्पीकरचा बेस मी त्याच्याशी ताडून बघते.

आता सूचना. फ्रिजवर चिकटवा.

थेंब दादा लिहून देईल त्या वेळेलाच, आणि दोन बाटल्यांच्या थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. ‘एकदम टाकून मोकळं’ नाही. डोळ्यावरची ढाल रात्री लावायचीच. वाकून नळ दुरुस्त करायचा नाही. बाबा, गळू दे तो नळ. आई, गुडघ्याचे व्यायाम तू मोजते आहेस म्हणतेस पण करत नाहीस, दादा बघणार आहे. बीपीच्या गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणायच्या.

आणि कानाचं मशीन. नारिंगी स्टिकरची बॅटरी. स्टिकर काढला की लगेच आत घालू नका, मिनिटभर हवेत ठेवा. ती हवेवरच चालते. काढलेला स्टिकर परत लावून बॅटरी वाचत नाही, तुम्ही तेच करता असं आईने सांगितलंय. रात्री झाकण उघडं ठेवून डबीत. पहिले काही दिवस भांड्यांचा आवाज अंगावर येईल, रोज थोडं थोडं वाढवा, सवय होते. बॅटरीच्या बाबतीत मी शहाणपण शिकवतेय खरी, पण गेल्या डिसेंबरमध्ये मीच एक बदलायची विसरले आणि दुसऱ्या गाण्यात गायकाचा कान मेला. बिचाऱ्याने उरलेलं अंदाजाने गायलं. उतरल्यावर काही बोलला नाही. तो तसाही घसा जपायला चिठ्ठ्या लिहूनच बोलतो. चिठ्ठीत फक्त ‘एकटा पडलो होतो’ एवढंच होतं.

2013 च्या डिसेंबरमध्ये मेटालिका अंटार्क्टिकावर वाजवायला गेली होती. तिथल्या शांततेला धक्का नको म्हणून स्पीकर नव्हतेच, ऐकणाऱ्यांना हेडफोन दिले होते. सांगायचं एवढंच की आता रविवारचा आपला फोन तसाच. मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करणार, वेळ आईला कळवीन. कानात मशीन दिसलं तरच मी बोलेन, नाहीतर आईशी बोलून ठेवून देईन. तुमच्याशी ओरडून बोलायला मला आवडत नाही, बाबा. ओरडून नीट काही सांगता येत नाही, बढतीची बातमी होते.

निघायच्या आधी दोन दिवस येतेय, 9 आणि 10 जून. रागवायचं असेल तर तेव्हा रागवा, मी समोर बसून ऐकेन.

तुमची,
मनू

ता. क. आई, हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. चष्मा दे आणि स्वतः वाचू दे.