सनद, उमेदवारी आणि मंत्रिपद

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

वकिली करून दिल्लीच्या राजकारणात जायचं म्हणतेस, तर एक गोष्ट आधीच पक्की धर: कोर्टात बाजू छान मांडते म्हणून कोणी तिकीट देत नाही. पक्षाला वकील हवा असतो तो निवडणुकीच्या कागदांसाठी. म्हणून लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ तोंडपाठ कर आणि विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांचे अर्ज भरून द्यायला बस.

तिथे माणसं फार साध्या गोष्टींत अडकतात. नमुना २६, म्हणजे मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांची माहिती देणारं शपथपत्र; त्यात एकही रकाना कोरा नको. सांगायला काही नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिही. निवडणूक अधिकाऱ्याने नोटीस देऊनही रकाना रिकामाच राहिला, तर छाननीत अर्ज उडतो. उमेदवार पक्षाचा अधिकृत आहे असं सांगणारे पक्षाचे ए आणि बी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचले पाहिजेत, तेही शाईच्या मूळ सहीचे. झेरॉक्स चालत नाही, सहीचा रबरी शिक्काही नाही. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडायचं. खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा, नाहीतर निवडणूक आयोग ३ वर्षं अपात्र ठरवू शकतो. निकालाला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालयात ४५ दिवसांत. पुढे एका दिवसाचाही उशीर माफ होत नाही. हे काम चोख करणारा वकील नेत्यांच्या लक्षात राहतो. भाषणं करणारे त्यांच्याकडे भरपूर असतात!

खासदार झालीस तरी वकिली चालू ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसा निकाल दिला आहे. मंत्री झाल्यावर मात्र थांबवावी लागते. अरुण जेटलींनी तर २००९ मध्ये राज्यसभेत विरोधी पक्षनेते झाल्यावरच कोर्ट सोडलं.

मंत्रिपदाचं गणित वेगळंच. लोकसभेच्या १५ टक्के, म्हणजे ५४३ मागे ८१ जागा, त्याही राज्यमंत्री धरून. शिवराज पाटील २००४ मध्ये लातूरला हरले, तरी गृहमंत्री झाले. खासदार नसलेल्या मंत्र्याला खासदार होण्यासाठी राज्यघटनेच्या ७५व्या कलमाने मिळणाऱ्या ६ महिन्यांत ते राज्यसभेवर गेले. अशी संधी पक्षनेतृत्वाच्या विश्वासावर मिळते, वकिलीतल्या नावावर नाही.

कायदा येतो म्हणून खातं सोपं जाईल असंही समजू नकोस. वकील एकाच अशिलाची बाजू लढवतो. मंत्र्याच्या टिपणावर मात्र दुसरी मंत्रालयं शेरे मारतात, अर्थखातं पैशाची हरकत काढतं, आणि सगळ्यांना पटवल्याशिवाय ते मंत्रिमंडळासमोर टिकत नाही. बाबासाहेबांसारखा कायदेपंडित कायदामंत्री असूनही हिंदूंचे विवाह-वारशाचे कायदे सुधारणारं हिंदू कोड बिल अडलं आणि १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मसुद्यात खोट नव्हती, पाठिंबा कमी पडला.

आणि पद जातंच. २०१४ नंतर पी. चिदंबरम पुन्हा कोर्टात उभे राहिले. मंत्री झाल्यावर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करताना बार कौन्सिलला दिलेल्या अर्जाची पोच जपून ठेव. ती पुन्हा सुरू करताना कामाला येते.

तुझा,
बाबा